बाहेरून आणलेलं

दारातच विशूने कागदी पिशवीतून बाटली काढली आणि त्या बाईच्या हातात दिली. लग्नघरी आपण आहेराचं पाकीट देतो ना, तितक्या सहज. बाईने ती दोन्ही हातांनी घेतली, वरचं लेबल वाचलं, छान आहे अशी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

"टू?"

"हो, दोघं," विशू इंग्रजीत म्हणाला. "माझी आई."

"टू!" बाई पुन्हा म्हणाली आणि तोंडभरून हसली. दोन माणसांनी जेवायला येण्यात एवढं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

ही मेलबर्नची गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली असतील. मी कराडच्या एस.टी. स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसायचे, तिथून नुकतीच निवृत्त झाले होते. विशूचे बाबा जाऊन बराच काळ लोटला होता. माझा एकुलता एक मुलगा चार देश फिरून आता तिथे एका बँकेचं कॉम्प्युटरचं काम बघत होता. ये, ये म्हणून किती दिवस मागे लागला होता, म्हणून गेले. गेले तर घरी सून नव्हती. केतकी पर्थला आहे, प्रोजेक्टसाठी, असं तो विमानतळावरच म्हणाला. पर्थ किती लांब ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, बरं.

जूनचा महिना, तिकडची थंडी. पाच वाजायच्या सुमारास अंधारून यायचं. दिवसभर मी त्या फ्लॅटमध्ये एकटी. भाजी चिरून ठेवायची, खिडकीतून ट्राम बघायच्या, पुन्हा भाजीकडे यायचं. शेजारी कोण राहतं हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकायचं, तेवढीच ओळख. संध्याकाळी विशू यायचा, दोन घास खायचा आणि "काम आहे गं" म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचा. केतकीच्या कुंड्यांतली झाडं वाळून गेली होती. मी पाणी घालून बघितलं, पण उशीर झाला होता.

त्यामुळे त्या दिवशी तो लवकर येऊन "चल आई, आज बाहेर जेवू" म्हणाला, तेव्हा मी लगेच बरी साडी नेसले, वर स्वेटर घातला आणि निघाले.

हॉटेल व्हिएतनामी माणसांचं होतं. लहानसंच. टेबलांवर प्लास्टिक, भिंतीवर एका समुद्राचं चित्र. बाईने आमची बाटली उघडून टेबलावर आणून ठेवली आणि दोन ग्लास मांडले. मी माझा पालथा घातला.

"इथे दारू मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळत नाही. त्यांच्याकडे परवाना नाही. काचेवर बघितलंस, बी.वाय.ओ. लिहिलंय? म्हणजे आपली आपण आणायची. ते ग्लास देतात, उघडून देतात आणि त्याचे थोडे पैसे लावतात, बस."

"आपल्याकडे पाटी असते, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत."

"इथे उलटी पाटी आहे म्हण," तो हसला. खूप दिवसांनी हसला.

मी आजूबाजूला बघितलं. खरंच सगळ्या टेबलांवर घरून आणलेल्या बाटल्या होत्या. एका म्हाताऱ्या जोडप्याने तर आपल्या बाटलीला लोकरीचं विणलेलं कव्हर घातलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मोठं कुटुंब होतं, कडेवर बाळ, आणि आजोबा सुनेच्या ग्लासात ओतत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कुणी आवाज चढवत नव्हतं.

माझ्या घरात बाटली यायची ती रद्दीच्या कागदात, कापडी पिशवीच्या तळाशी, वर कोथिंबिरीची जुडी. विशूचे बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते, माणूस हुशार. पण संध्याकाळी दारात तो कागद कुरकुरला की माझे हात पिठातच थांबायचे.

जणू तेच आठवून विशू म्हणाला, "तुला ते पाचगणीच्या रस्त्यावरचं हॉटेल आठवतं? बाबांची पिशवी बघितली आणि मालकाने आपल्याला उठवलं होतं. मी मसाला डोसा मागवला होता. तो येतच होता, मला दिसत होता."

"आठवतं."

"तेव्हा मला वाटायचं, जगात फक्त माझेच बाबा अशी पिशवी घेऊन फिरतात." त्याने टेबलांकडे हात केला. "आता बघ. अख्खं गाव फिरतंय."

त्याने ग्लासात वाइन ओतली, थोडीशीच. एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मी बघत होते. बघायची सवय जात नाही. किती ओतली, किती पटकन संपली, पुढचं ओतताना हात कसा आहे. पण तो अगदी सावकाश पीत होता, आणि बोलत होता.

"प्रत्येक देशाची वेगळी तऱ्हा असते," तो म्हणाला. "मॉन्ट्रियलला अशी कितीतरी हॉटेलं आहेत. तिथे उघडायचेसुद्धा पैसे घेत नाहीत. बर्फातून लोक बाटल्या घेऊन चालत येतात, कोटाच्या आत धरून. सिंगापूरला नेऊ देतात, पण इतके पैसे लावतात की न्यावीशी वाटत नाही. ओसाकाला आधी विचारावं लागतं. न विचारता नेलीस तर ते रागावत नाहीत, पण असं तोंड करतात की आपल्यालाच लाज वाटते. आणि आखातात नेलीस तर सरळ तुरुंगात."

"आणि माणसं कशी होती रे तिथली?"

"कुठली?"

"मॉन्ट्रियलची. ओसाकाची. तू वर्ष वर्ष राहिलास ना तिथे."

तो थांबला. जरा आठवल्यासारखं केलं.

"ठीक होती," तो म्हणाला. "ऑफिसातली होती. ठीक होती."

जेवण आलं. तांदळाच्या शेवयांचं सूप, वर पुदिन्यासारखी पानं, बाजूला लिंबाची फोड आणि बारीक लाल मिरच्या. मी मांस खात नाही म्हणून माझं वेगळं, नुसत्या भाज्यांचं. बाईने ते माझ्यासमोर ठेवताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या देशात आल्यापासून परक्या माणसाने मला पहिल्यांदा हात लावला होता. मला उगाचच भरून आलं.

विशूच्या बाटलीत अर्ध्याहून जास्त वाइन शिल्लक होती. "उरलेली घरी नेता येते," तो म्हणाला. "बूच लावून देतात." माझ्या मनातली अढी सैल झाली. खोटं कशाला बोलू, मी देवाचे आभारसुद्धा मानले. पोरगा चारचौघांसारखा, चारचौघांत बसून, ग्लासभर घेतो. याच्यात आणि त्याच्या बाबांत काहीच सारखं नाही. मी उगाच खोलीच्या बंद दाराकडे बघत बसले होते.

तो अधूनमधून पाणी पीत होता. बाजूच्या खुर्चीवर त्याची ऑफिसची बॅग होती, तिच्या खिशातली स्टीलची बाटली काढायचा, घोटभर प्यायचा, ठेवून द्यायचा. "इथलं पाणी फार गार असतं," तो म्हणाला. मला ते बरं वाटलं. घरचं पाणी बरोबर ठेवतो.

मग माझ्या दाताखाली मिरची आली.

आपण कराडची माणसं, तिखटाला भीत नाही. पण ही मिरची वेगळीच होती. घशात गेली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. टेबलावरचा माझा ग्लास पालथा. मी हात लांब करून त्याच्या बॅगेतली बाटली ओढली.

"आई, ती नको..."

तोवर मी मोठा घोट घेतला होता.

घसा जळत गेला, पण मिरचीने नव्हे. वास काहीच नव्हता. म्हणूनच त्या फ्लॅटमध्ये इतके दिवस मला वास आला नव्हता. मी तो घोट गिळला. पदराने तोंड पुसलं. विशू माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा अगदी लहान झाला होता. डोसा येत असताना उठावं लागलं, तेव्हाचा.

"आई, ते..."

"गप्प बस जरा."

मला वेळ हवा होता. घरी असते तर काय करायचं ते हातांना माहीत होतं. मोरीत ओतायची, बाटली विसळायची, जागेवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली असायची. कारखान्यात फोन करून सांगायचं, यांना ताप आहे. सासूबाईंना सांगायचं, पित्त झालंय. सगळं आयुष्य मी तेच केलं. उठून इथल्या बाथरूममध्ये जावं, असं एकदा मनात आलंही. पाय अर्धे उचलले होते.

मी उठले नाही. माझा पालथा ग्लास सुलटा केला आणि त्या स्टीलच्या बाटलीतलं त्यात ओतलं. काठापर्यंत भरला तरी बाटली जड होती. तो ग्लास मी वाइनच्या बाटलीशेजारी, टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे काय करतेस?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"हेही बाहेरूनच आणलंयस ना? मग वर ठेव."

"आई, हळू बोल."

"इथे कुणाला मराठी कळतंय? आणि तूच दाखवलंस ना, इथे कुणी लपवत नाही. मग तू का लपवतोस?"

त्याने ग्लासाला हात घातला, मी त्याचं मनगट धरलं. माझ्या हाताखाली ते थरथरत होतं. वरून दिसत नव्हतं, धरल्यावर कळत होतं.

"सकाळीपण घेतोस?"

त्याने मनगट सोडवून घेतलं.

"केतकी पर्थला नाही ना?"

"नाही."

"कुठे आहे?"

"इथेच आहे. मैत्रिणीकडे. दिवाळीच्या आधीच गेली." मग एकदम चिडून म्हणाला, "पण मी बाबांसारखा नाही. मी एक दिवस कामाला दांडी मारलेली नाही. कुणावर हात उचललेला नाही. तुला काय वाटतं..."

"तुझ्या बाबांनीही कधी हात उचलला नाही," मी म्हटलं. "ते नुसते हळूहळू घरातून नाहीसे झाले. मी शेजारच्या खोलीत होते आणि ते नाहीसे होत गेले. तू माझ्यासमोर तेच करतोयस."

तेवढ्यात ती बाई आली. तिने ग्लास बघितला, स्टीलची बाटली बघितली. तिला सगळं एका नजरेत समजलं असावं. पण ती रागावली नाही. खाली वाकून अगदी हलक्या आवाजात विशूला म्हणाली, "वाइन ओके. दिस, नो." तिथला नियम तसा होता. लोकांनी घरून वाइन आणायची, याहून कडक काही चालत नाही. मग तिने माझ्याकडे बघून छातीशी हात नेला आणि आणखी काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

विशू खाली बघूनच म्हणाला, "म्हणते, तुमचा मुलगा इथे नेहमी एकटा येतो. तुम्ही आलात, मला आनंद झाला."

तो ग्लास ती घेऊन गेली. न मागता गरम चहा आणून ठेवला, बिनदुधाचा. मी तो सगळा प्यायले. विशूने कपाला हात लावला नाही. उरलेल्या वाइनची बाटली तिने बूच लावून दिली, ती मात्र त्याने घेतली.

बाहेर बोचरा वारा होता. ट्रामच्या थांब्यावर आम्ही बाकावर बसलो. एक ट्राम आली, तो उठला नाही. दुसरी आली, तरी नाही. मी त्याच्याजवळ सरकून बसले. इतक्या दिवसांत त्याला जवळ घेतलं नव्हतं, तेव्हाही घेता आलं नाही. पोरं मोठी झाली की हात कुठे ठेवावा हेच कळत नाही.

"आई," तो म्हणाला, "तू हे कुणाला सांगायचं नाहीस."

हेच शब्द. त्याच्या बाबांनी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला हेच सांगितलं होतं, आणि मी ते शेवटपर्यंत पाळलं. ते गेले तेव्हासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगितलं की कावीळ उलटली.

"सांगणार," मी म्हटलं.

"काय?"

"मी सांगणार. मावशीला सांगणार, काकांना सांगणार. जो विचारेल त्याला सांगणार. मी एकदा गप्प राहून बघितलंय विशू, त्याने काय झालं ते मला माहीत आहे. दुसऱ्यांदा जमणार नाही मला."

"गावभर माझी लाज काढणार तू?"

"लाज तुझी नाही निघणार. माझीच निघेल. निघू दे."

"मग मी तुझ्याशी बोलणार नाही."

तो हे अगदी शांतपणे म्हणाला. म्हणूनच मला कळलं की तो खरं बोलतोय. मला दुसरं कोण होतं? तरी मी म्हटलं, "नको बोलूस."

आठवड्याभरात त्याने माझं तिकीट बदललं. विमानतळावर बॅगा उचलून दिल्या, वाकून नमस्कार केला, माझ्याकडे न बघता वळला. काचेपलीकडे त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते.

कराडला पोचल्यावर पहिल्यांदा भेटल्या त्या फाटकाशी पाटणकर वहिनी. "काय म्हणतोय ऑस्ट्रेलियावाला? मजेत ना?" रिक्षावाला बॅगा उतरवत होता.

"नाही," मी म्हटलं. "दारू पितो. बायको सोडून गेलीय."

वहिनींच्या हातातली दुधाची पिशवी तशीच राहिली. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या आमच्या फाटकाकडे फिरकल्या नाहीत. खरं सांगितलं की माणसं जवळ येतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. स्टँडवरच्या मैत्रिणी विषय बदलायच्या. धाकटे दीर म्हणाले, घरातलं घरात ठेवायचं होतं वहिनी. हळदीकुंकवाला बोलावणं कमी झालं. फक्त माझी आक्का इस्लामपूरहून आली, काही न विचारता चार दिवस राहिली, रात्री माझ्याशेजारी अंथरूण घालून झोपली आणि गेली.

विशूचा फोन नाही. मी करायचे, तो उचलायचा नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी केतकीलाही फोन केला, चूक विशूची आहे म्हणून सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "आई, तुम्ही पहिल्या आहात. बाकी सगळे मला म्हणतात, जरा समजून घ्यायचं." ती परत जाणार नव्हती. मीही तिला जा म्हटलं नाही.

कित्येकदा संध्याकाळी एकटी जेवायला बसल्यावर वाटायचं, काय मिळवलं? गप्प राहिले असते तर निदान रविवारी फोन आला असता. खोटा का होईना, "मजेत आहे" असा आवाज कानावर पडला असता. मी ताट वाढायचे, आणि तशीच बसून राहायचे.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत फोन आला. दुपारी. मी मोदकांची उकड काढत होते.

"आई."

मी काही बोलले नाही. मला भीती वाटली की मी बोलले तर तो ठेवून देईल.

"आई, ऐकतेस ना? मी एका ठिकाणी जातोय. तिथे आमच्यासारखी माणसं असतात. गोल करून बसायचं आणि बोलायचं." तो थांबत थांबत बोलत होता. "मला पहिले कित्येक दिवस बोलताच आलं नाही. आता येतं थोडं."

"जेवतोस ना नीट?"

"जेवतो. मध्ये एकदा घसरलो. परत गेलो." मग हळूच म्हणाला, "अजून कुणी विचारतं का गं माझ्याबद्दल?"

"फारसं नाही. कधीकधी विचारतात."

"काय सांगतेस?"

मला खोटं बोलता आलं असतं. सव्वा वर्षाने आलेला फोन होता. उकड भांड्यात घट्ट होत चालली होती.

"जे आहे तेच सांगते," मी म्हटलं.

पलीकडे एखादी ट्राम जात असावी, तिची घंटा ऐकू आली. आता ठेवेल, आता ठेवेल, असं वाटून मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"बरं," विशू म्हणाला. "सांगत जा."